गिटार वाजवता येत नव्हती, तरी गिटार घडवली. कोण होते लिओ फेंडर?

वर दोन शिंगे, मध्ये तीन पिकअप आणि डोक्याच्या एकाच बाजूला ओळीने सहा खुंट्या. इलेक्ट्रिक गिटार म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर येणारा हा आकार १९५४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात बाजारात आला. या गिटारचे नाव स्ट्रॅटोकास्टर. ती बनवणारे लिओ फेंडर पेशाने रेडिओ दुरुस्त करणारे होते. कॉलेजात ते हिशेबनिशी शिकले होते आणि गिटार त्यांना वाजवता येत नव्हती. तरीही आज परवडणाऱ्या दरात मिळणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारवर त्यांच्या विचारांची छाप आहे. ती कशी, हे समजून घेऊ.

संत्र्यांच्या बागेतून रेडिओच्या दुकानात

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. लॉस एंजेलिसजवळच्या फुलर्टन-अॅनाहाइम भागात आई-वडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी गाठीमुळे डावा डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसला. त्यांचे एक काका गाड्यांच्या विजेच्या कामाचे दुकान चालवत. तिथे पाहिलेल्या रेडिओने मुलाला वेड लावले आणि शाळेत असतानाच ते घरी रेडिओ दुरुस्त करू लागले.

पुढे त्यांनी हिशेबनीस म्हणून नोकऱ्या केल्या. महामंदीच्या काळात नोकरी गेली. १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलर्टनमध्ये 'फेंडर रेडिओ सर्व्हिस' हे दुकान टाकले. रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर यांची दुरुस्ती आणि कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकर भाड्याने देणे हा धंदा. हळूहळू स्थानिक वादक आपले बिघडलेले अॅम्प्लिफायर घेऊन येऊ लागले. कोणता भाग वारंवार खराब होतो आणि तो बदलायला किती वेळ जातो, हे फेंडर यांना रोजच्या कामातून कळत गेले.

१९४५ मध्ये डॉक कॉफमन या वादक मित्रासोबत त्यांनी मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन स्टील गिटार आणि अॅम्प्लिफायर बनवण्याचा उद्योग सुरू केला. कॉफमन वर्षभरात बाहेर पडले. १९४६ पासून फेंडर यांनी स्वतःच्या नावाने कंपनी चालवली.

पोकळ गिटारमध्ये अडचण काय होती?

इलेक्ट्रिक गिटार तेव्हाही होती, पण तिची बॉडी साध्या गिटारसारखी पोकळ असे. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार हलली की वेढ्यांत सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो आणि अॅम्प्लिफायर तो मोठा करतो. मात्र आवाज वाढवला की स्पीकरमधून आलेला आवाज पोकळ पेटीलाच हलवतो, ती तारांना हलवते आणि चक्र सुरू होते. माइक स्पीकरसमोर नेल्यावर येणारी कर्कश शिट्टी हाच प्रकार.

उपाय होता पेटी भरीव करण्याचा. ही कल्पना एकट्या फेंडर यांची नव्हती. लेस पॉल, पॉल बिग्जबी यांनीही भरीव गिटार बनवल्या होत्या. फेंडर यांचे वेगळेपण असे, की त्यांनी ती कारखान्यात मोठ्या संख्येने बनवता येईल अशी केली.

टेलिकास्टरमध्ये वेगळे काय?

१९५० मध्ये त्यांची भरीव गिटार आली. बॉडी म्हणजे कापून आकार दिलेली सपाट फळी. दांडी मेपल लाकडाची, फ्रेट थेट तिच्यावरच ठोकलेले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दांडी बॉडीला गोंदाने चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी बसवलेली होती.

त्या काळी चांगल्या गिटारची दांडी चिकटवलेली असे. ती वाकली किंवा झिजली तर गिटार कुशल कारागिराकडे पाठवावी लागे. फेंडर यांच्या गिटारमध्ये चार स्क्रू काढून नवी दांडी बसवता येत होती. वायरिंगही झाकण उघडताच हाताशी येत होते. कारखान्यात दांड्या एका बाजूला, बॉडी दुसऱ्या बाजूला तयार करून शेवटी जोडता येत होत्या. वेळ वाचला आणि खर्चही कमी झाला.

प्रस्थापित कंपन्यांनी या गिटारची थट्टा केली. कुणी तिला होडीचे वल्हे म्हटले, तर कुणी बर्फ उपसण्याचे फावडे. नावाचाही घोळ झाला. दोन पिकअपच्या गिटारचे 'ब्रॉडकास्टर' हे नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळत होते. ग्रेचने हरकत घेतल्यावर तयार लेबलांवरून ते नाव कापून टाकले गेले. काही महिने गिटारवर फक्त 'फेंडर' एवढेच होते. १९५१ मध्ये 'टेलिकास्टर' हे नाव पक्के झाले.

बास गिटार आणि स्ट्रॅटोकास्टर

त्याच वर्षी 'प्रिसिजन बास' आली. तोवर बास वाजवणाऱ्याला माणसाएवढे उभे वाद्य गाडीवर लादून न्यावे लागे आणि बँडच्या गोंगाटात ते ऐकू येत नसे. नवे वाद्य खांद्यावर अडकवता येत होते. फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागत होता, म्हणून नाव 'प्रिसिजन'.

स्वतः वादक नसल्याने फेंडर वादकांवर अवलंबून राहिले. नवा नमुना ते स्थानिक क्लबमधील वादकांच्या हाती देत, तक्रारी ऐकत आणि परत येऊन बदल करत. टेलिकास्टरची कड बरगड्यांना टोचते, ही अशीच एक तक्रार. म्हणून स्ट्रॅटोकास्टरच्या बॉडीला मागून पोटापाशी आणि पुढून हाताखाली उतार दिला गेला. पुढे जिमी हेंड्रिक्स यांनी १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात वाजवली ती पांढरी स्ट्रॅटोकास्टरच.

नवशिक्यांसाठी १९५६ मध्ये म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक या आखूड दांडीच्या, कमी किमतीच्या गिटार आल्या. अॅम्प्लिफायरचा प्रभावही मोठा होता. इंग्लंडमध्ये जिम मार्शल यांचा पहिला अॅम्प्लिफायर फेंडरच्या 'बासमन'च्या सर्किटवर आधारलेला होता.

भरात असलेली कंपनी का विकली?

कारण प्रकृती. फेंडर यांना सायनसच्या जंतुसंसर्गाने अनेक वर्षे छळले होते. उपचार लागू पडत नव्हते आणि आपण फार जगणार नाही, अशी त्यांची समजूत झाली. विक्री सांभाळणारे सहकारी डॉन रँडल यांनाच त्यांनी सुमारे १५ लाख डॉलरमध्ये कंपनी घेण्याविषयी विचारले. रँडल यांनी त्याऐवजी मोठा ग्राहक शोधला. जानेवारी १९६५ मध्ये प्रसारण क्षेत्रातील बड्या सीबीएस कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर मोजले.

त्यानंतर काही वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांच्या उपचारांनी फेंडर बरे झाले. कंपनी विकल्यानंतर ते आणखी २६ वर्षे जगले. पण कंपनी हातची गेली होती. करारानुसार १० वर्षे त्यांना स्पर्धेत उतरता येत नव्हते.

सीबीएसने उत्पादन झपाट्याने वाढवले. सत्तरच्या दशकात दर्जाबद्दल वादकांची नाराजी वाढत गेली आणि १९६५ पूर्वीच्या गिटार जुन्या बाजारात महाग होऊ लागल्या. त्याच वेळी जपानी कंपन्यांनी फेंडरच्या आकाराच्या स्वस्त आणि चांगल्या नकला आणल्या. त्याला उत्तर म्हणून १९८२ मध्ये कंपनीने जपानमध्ये बनवलेला 'स्क्वायर' हा स्वस्त ब्रँड काढला. १९८५ मध्ये व्यवस्थापनातीलच एका गटाने सीबीएसकडून कंपनी विकत घेतली.

स्वतःचे नाव वापरता येईना

बंदीची मुदत संपल्यावर फेंडर 'म्युझिक मॅन' या कंपनीचे अध्यक्ष झाले. १९७६ ची 'स्टिंगरे' बास तिथलीच. तिच्या बॉडीतच बॅटरीवर चालणारे प्री-अॅम्प्लिफायर सर्किट होते. त्यानंतर जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासोबत त्यांनी 'जी अँड एल' सुरू केली, म्हणजे जॉर्ज आणि लिओ. 'फेंडर' हे नाव विकले गेले असल्याने ते नव्या गिटारवर लावता येत नव्हते. गंमत अशी, की जी अँड एलचा कारखाना ज्या रस्त्यावर होता त्याचे नाव होते फेंडर अव्हेन्यू.

अखेरच्या वर्षांत पार्किन्सनने गाठले, तरी ते कारखान्यात येऊन पिकअप आणि ब्रिजच्या नव्या रचनांवर काम करत राहिले. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला.

आज गिटार घेणाऱ्याला याचा उपयोग काय?

मुंबई-पुण्याच्या दुकानांत टांगलेल्या स्वस्त इलेक्ट्रिक गिटारपैकी अनेक स्ट्रॅटोकास्टरच्याच आकाराच्या असतात. मागे चार स्क्रू आणि पुढे प्लास्टिकची पट्टी दिसली, तर ती रचना फेंडर यांची आहे. अशा गिटारची खुंटी, पिकअप, स्विच किंवा अख्खी दांडी पुढे सवडीने बदलता येते. सुटे भागही सहज मिळतात, मात्र घेण्यापूर्वी मापे जुळवून पाहावीत. आज अनेक इअरबडची बॅटरी संपली की ते सरळ फेकावे लागतात. सत्तर वर्षांपूर्वीच्या टेलिकास्टरची दांडी मात्र आजही साध्या स्क्रू ड्रायव्हरने उघडते.