बोरघाटाचा मार्गकर्ता

पुण्याहून मुंबईस जाणारी आगगाडी खंडाळा मागे टाकून घाट उतरू लागली, की प्रवासी खिडक्यांशी गोळा होतात. एका अंगास खोल दरी, दुसऱ्या अंगास काळा कातळ, आणि मध्येच बोगद्याचा अंधार! हा मार्ग ज्यांनी आखला, त्यांना त्यावरून पहिली गाडी गेलेली पाहावयास मिळाली नाही. त्यांचे नाव जेम्स जॉन बर्कली.

बर्कली यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडन शहराजवळील हॉलोवे येथे झाला. आगगाडीचे युग तेव्हा उजाडावयाचे होते. शिक्षण संपल्यावर त्यांनी प्रख्यात अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली लोहमार्ग बांधण्याची विद्या संपादन केली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीस हिंदुस्थानातील कामासाठी मुख्य अभियंता हवा होता. स्टीफन्सन हे त्या कंपनीचे सल्लागार होते. त्या जागेवर बर्कली यांची नेमणूक झाली आणि १८५० च्या प्रारंभी ते मुंबईस उतरले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

त्यांच्या देखरेखीखाली मुंबई ते ठाणे हा २१ मैलांचा मार्ग तयार झाला आणि १६ एप्रिल १८५३ रोजी त्यावरून पहिली उतारू गाडी धावली. पुढच्याच वर्षी मार्ग कल्याणास पोहोचला. परंतु खरी कसोटी पुढेच होती. कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री तटासारखा उभा होता. तो ओलांडल्यावाचून आगगाडी पुण्यास कशी पोहोचणार?

बर्कली आणि त्यांचे सहकारी यांनी कडे चढून, दऱ्या उतरून बोरघाटाची बारकाईने पाहणी केली. अखेर सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढणारा मार्ग निश्चित झाला. त्यात २५ बोगदे व ८ मोठे पूल होते. काही ठिकाणी चढ इतका बिकट होता, की ३७ फूट पुढे गेले असता गाडी एक फूट वर चढे. एका अरुंद जागी तर मार्ग वळविण्यास अवकाशच नव्हता. तेथे गाडीने एका स्थानकात शिरावे, इंजिन दुसऱ्या टोकास जोडावे आणि गाडीने उलट दिशेने पुढचा चढ चढावा, अशी युक्ती योजण्यात आली.

१८५६ च्या जानेवारीत कामास आरंभ झाला. घाटात पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ बंदच असे. त्यामुळे हिवाळा हाच कामाचा मुख्य हंगाम. दिवाळीनंतर देशावरून आणि कोकणातून मजुरांचे तांडे आपल्या बायकामुलांसह घाटात येत व कड्यांच्या आश्रयाने झोपड्या घालून राहत. कमरेला दोर बांधून माणसे उभ्या कड्यावर सोडली जात. तेथे लोंबकळत ती पहारीने कातळात भोके पाडीत आणि त्यांत सुरुंगाची दारू ठासली जाई. दिवसा उन्हाचा व धुळीचा त्रास, तर रात्री डोंगरावरची थंडी, असा त्यांचा दिनक्रम असे.

इकडे घाटाच्या दोन्ही बाजूंस मार्ग वाढतच होता. १८५६ मध्ये गाडी खोपोलीस आली. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुणे ते इंदापूर तालुक्यातील डिकसळ हा मार्ग खुला झाला. अशा रीतीने भीमेच्या काठी आगगाडी आली. परंतु मधला घाट मात्र पायी, पालखीतून किंवा बैलगाडीने ओलांडावा लागे. खोपोलीस उतरावे, घाट चढावा आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसावे, असा तो प्रवास होता. पत्रांच्या थैल्यांचाही हाच क्रम. १८५४ पासून पाव तोळा वजनाचे पत्र अर्ध्या आण्यात देशात कोठेही जाऊ लागले होते. नीरेकाठच्या वडगाव निंबाळकरासारख्या गावातील माणसाचा मुलगा मुंबईस चाकरीला असला, तर घरच्या आजारपणाची, लेकीच्या लग्नाची किंवा नातवाच्या बारशाची वार्ता अर्ध्या आण्यात त्याच्याकडे धाडता येई. पण तिलाही वाटेत हा घाट ओलांडावाच लागे. एवढ्यावरून बर्कली यांच्या कामाचे मोल आपल्या ध्यानात येईल.

१८५९ चे साल मोठे कठीण गेले. जानेवारीत मजुरी वेळेवर हाती न पडल्यामुळे मजुरांचा संताप अनावर झाला आणि दंगा उसळला. त्यात एक युरोपीय मनुष्य प्राणास मुकला. पुढे पहिल्या ठेकेदाराने काम सोडून दिले आणि नवा ठेकेदार मिळेपर्यंत सारा भार बर्कली यांच्या खात्यावर पडला. वर्षाच्या अखेरीस सॉलोमन ट्रेडवेल हे ठेकेदार पत्नीसह इंग्लंडहून आले. परंतु थोड्याच आठवड्यांत आजाराने त्यांचे निधन झाले. परक्या देशात विधवा झालेल्या ॲलिस ट्रेडवेल मायदेशी परतल्या असत्या, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी पतीचा करार स्वतः पत्करला, जाणत्या अभियंत्यांच्या हाती व्यवस्था सोपविली आणि काम तडीस नेले.

१८६१ च्या हिवाळ्यात घाटात सुमारे ४२,००० माणसे राबत होती. एवढी वस्ती अपुऱ्या पाण्यावर व दाटीवाटीने राहिली, की पटकीसारखे रोग फैलावत. त्या साथींत आणि अपघातांत कितीतरी मजूर दगावले. त्यांची घरे दूरच्या खेड्यांत होती. कित्येकांच्या मरणाची वार्ताही घरी उशिराच पोहोचली असेल. घाटाची वाट साहेबांना शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखविली, अशी लोककथा आहे. जुन्या हमरस्त्यावरील त्याच्या देवळापाशी वाटसरू आजही नमस्कार करतात. कथा खरी असो वा नसो, डोंगराची माहिती असलेल्या माणसांवाचून हे काम होणे नव्हते, हे लोकांनी त्या रूपाने जपून ठेवले आहे.

अविश्रांत श्रमांनी बर्कली यांची प्रकृती ढासळली. १८६१ मध्ये त्यांना इंग्लंडास परतावे लागले आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, एप्रिल १८६३ मध्ये, मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. मुंबई व पुणे अखंड लोहमार्गाने जोडली गेली. पालखीची गरज उरली नाही आणि घरोघरची सुखदुःखे घाटात न अडता पुढे जाऊ लागली.

पुढे १९२९ मध्ये नवे बोगदे खोदून उलट फिरण्याचे ते स्थानक टाळण्यात आले. वाफेच्या इंजिनाची जागा विजेच्या इंजिनाने घेतली. तरीही घाटातून जाताना आपण दोघांची आठवण ठेवली पाहिजे. एक, कागदावर मार्ग आखून त्यासाठी आयुष्य वेचणारे बर्कली. आणि दुसरे, दोराला लोंबकळून तो मार्ग कातळात कोरणारे ते असंख्य स्त्रीपुरुष, ज्यांची नावे कोणत्याही शिळेवर कोरलेली नाहीत.