सरळ रेषेला समीकरण देणारे न्यायाधीश : पिएर द फर्मा



आपल्या जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक स्टेशन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथून गाडी दूधसागरच्या अंगाने गोव्यातील कुळ्याला उतरते. या घाटात सर्वांत कडक चढ साधारण 40 ला 1 आहे, म्हणजे 40 मीटर आडवे गेल्यावर रूळ 1 मीटर वर चढतात. बीजगणितात रेषेचा ‘चढ’ म्हणतात तो हाच. 1 भागिले 40, म्हणजे 0.025. एवढ्याशा आकड्यासाठी गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात!

असा चढ समीकरणात प्रथम स्पष्टपणे मांडणारे गृहस्थ गणिताचे प्राध्यापक नव्हते. ते कोर्टात नोकरी करीत. त्यांचे नाव पिएर द फर्मा.

सतराव्या शतकाच्या आरंभी दक्षिण फ्रान्समधील बोमाँ या गावी त्यांचा जन्म झाला. वडील चामड्याचे व्यापारी. पिएर कायदा शिकले आणि 1631 मध्ये तुलूझ येथील वरिष्ठ न्यायालयात अधिकारी झाले. ही नोकरी त्यांनी अखेरपर्यंत केली. कामातून उरलेला वेळ गणिताचा. ग्रंथ छापावा, नाव व्हावे, याची त्यांना हौस नव्हती. सुचलेले ते पत्रांतून मित्रांना कळवीत.

1636 च्या सुमारास त्यांनी एक छोटे टिपण लिहिले. कल्पना अशी : एक आडवी रेषा घ्या, तिच्यावर एक बिंदू ठरवा. त्या बिंदूपासूनचे आडवे अंतर ही पहिली अज्ञात राशी आणि तेथून वर उभारलेली उंची ही दुसरी. या दोन राशींत पहिल्या घाताचे समीकरण असेल, तर उंचीचे टोक सरळ रेषेवरच फिरते. आपल्या घाटापुरते बोलायचे तर चढ सुरू होतो तेथे उभे राहा. चढ एकसारखा 40 ला 1 असेल, तर 40 गुणिले उंची बरोबर आडवे अंतर. 1 किलोमीटरला 25 मीटर. 2 किलोमीटरला 50. वहीत बिंदू मांडून पाहा, पट्टी लावली की सगळे एका ओळीत येतात.

आता उंची पायथ्यापासून न मोजता समुद्रसपाटीपासून मोजली तर? चढ तोच राहतो, फक्त पायथ्याची उंची मिळवावी लागते. म्हणून आपण लिहितो : य = म × क्ष + क. येथे क्ष आडवे अंतर, य उंची, म चढ आणि क आरंभीची उंची. पुष्कळ मुले हे सूत्र पाठ करतात आणि म कोणता, क कोणता येथे अडखळतात. आमच्या मते घाट डोळ्यांपुढे आणला तर घोटाळा होत नाही. कॅसलरॉकहून खाली निघालात तर म ऋण होतो. फर्मांनी मात्र ऋण अंतरे घेतली नव्हती, ती भर पुढच्यांची.

1637 मध्ये रने देकार्त यांचा भूमितीवरील ग्रंथ छापून आला. बीजगणित आणि भूमिती यांची सांगड त्यांनीही स्वतंत्रपणे घातली होती. फर्मांचे टिपण त्याच सुमारास पॅरिसच्या विद्वानांत हस्तलिखित रूपात फिरत होते. वक्राला स्पर्शिका कशी काढावी, म्हणजे वाकड्या रेषेचा एखाद्या ठिकाणचा चढ कसा शोधावा, यावरून 1638 मध्ये दोघांचा चांगलाच वाद झाला. देकार्तांनी फर्मांच्या पद्धतीवर कडक टीका केली. पुढे ती बरोबर असल्याचे त्यांना मान्य करावे लागले.

1653 मध्ये, प्लेगच्या साथीनंतर, फर्मा वारल्याची वार्ता पसरली. ती खोटी ठरली. पुढच्याच वर्षी त्यांनी पास्कल यांच्याशी पत्रव्यवहार करून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला. 12 जानेवारी 1665 रोजी न्यायालयाच्या कामासाठी गेले असता कास्त्र या गावी त्यांचे निधन झाले.

पुस्तकाच्या समासात त्यांनी नोंदवलेले एक प्रमेय सिद्ध व्हायला 1994 साल उजाडले, आणि त्यामुळे त्यांचे नाव जगभर झाले. सरळ रेषेचे ते टिपण मात्र चिरंजीव साम्युएल यांनी 1679 मध्ये छापले. तोवर देकार्तांचा ग्रंथ निघून 42 वर्षे झाली होती. आलेखावरील निर्देशकांना आजही ‘कार्टेशियन’ म्हणतात, ते देकार्तांच्या नावावरून.