बुलढाण्याच्या ताराबाई आणि न मोजलेले श्रम

महाराष्ट्रातील श्रमिकांच्या चळवळीचा इतिहास सांगावयास बसलेला माणूस बहुधा दोन सालांपासून आरंभ करतो. १८८३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला आणि कुणब्याच्या दारिद्र्याचा जाब सरकार, सावकार व भटशाही या तिघांनाही विचारला. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारच्या कमिशनपुढे ठेवले. ही दोन्ही नावे आमच्या डाव्या मंडळींच्या व्यासपीठांवर आदराने घेतली जातात आणि ते योग्यच आहे. परंतु या दोन्ही घटनांच्या आधी, १८८२ साली, याच सत्यशोधक वर्तुळातून एक तिसरा जाब विचारला गेला होता. तो विचारणारी व्यक्ती पुण्यामुंबईची नव्हती, वऱ्हाडातील बुलढाण्याची होती, आणि ती स्त्री होती. ताराबाई शिंदे यांचे नाव आज अभ्यासक्रमांतून आले आहे. मात्र ते ‘स्त्री-साहित्य’ या वेगळ्या कप्प्यात ठेवले जाते, श्रम व समता यांच्या इतिहासात नव्हे. ही विभागणी कोणी व कशासाठी केली, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, तेव्हापासून या मुलुखाचे रूप झपाट्याने पालटत होते. अमेरिकेतील यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचे मोल आले. मलकापूर, शेगावकडून आगगाडी नागपुरापर्यंत गेली, खामगावच्या बाजाराचे नाव समुद्रापलीकडे पोचले. घाटाखाली ही उलाढाल, तर घाटावर, थंड हवेच्या बुलढाण्यात, तिचा जमाखर्च ठेवणारी साहेबाची कचेरी. बापूजी त्या कचेरीतले. सत्यशोधक समाजाशी त्यांचा निकट संबंध होता आणि जोतीरावांच्या घराण्याशी स्नेह होता. चार भावांत एकुलत्या एक असलेल्या या मुलीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. ज्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे हाच एक गुन्हा समजला जाई, त्या काळी हे शिक्षण झाले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

तथापि सत्यशोधक बापाच्या घरातही कुळाची बंधने सुटली नव्हती. कुलीन मराठ्यांच्या रीतीप्रमाणे ताराबाईंचे लग्न लवकर झाले. नवरा घरजावई म्हणून आणला गेला, त्यामुळे त्यांना सासुरवास घडला नाही; पण तो संसार सुखाचा झाला असे दिसत नाही. मूलबाळ नव्हते. त्यांना वाचावयास अवकाश मिळाला, घराबाहेर वावरण्याचे स्वातंत्र्य मात्र मिळाले नाही. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःची ओळख मराठ्यांच्या घरात कोंडलेली एक दुबळी स्त्री अशाच अर्थाने करून दिली आहे. पुढची पाने वाचली म्हणजे या दुबळेपणातली खोच कळते.

निमित्त घडले ते सुरतेच्या एका खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या चोवीस वर्षांच्या ब्राह्मण विधवेने लोकलज्जेच्या भयाने आपल्या नवजात अर्भकास मारले. १८८१ मध्ये सेशन्स कोर्टाने तिला फाशीची शिक्षा दिली. अपिलात मुंबईच्या हायकोर्टाने ती कमी करून जन्मठेप, काळ्या पाण्याची केली. वृत्तपत्रांतून वादाचे मोहोळ उठले. पुण्याच्या ‘पुणे वैभव’ने या एका अभागिनीच्या आधारे सगळ्या स्त्रीजातीच्या चारित्र्यावर चिखल उडविला. जिने पोर मारले तिची चर्चा सर्वत्र झाली, पण तिला त्या प्रसंगात लोटणारा पुरुष कोण, याची विचारपूस करण्याची गरज कोणास वाटली नाही. ताराबाईंना नेमके हेच सहन झाले नाही. त्यांनी लेखणी उचलली आणि पुण्यातील श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे लहानसे पुस्तक छापून घेतले. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे.

या पुस्तकाकडे केवळ संतापाचा उद्रेक म्हणून पाहण्याची चाल आहे. संताप आहेच, भाषा घरगुती व झणझणीत आहे, वाक्य कोठे संपेल याचा नेम नाही. पण त्या संतापाखाली हिशेब आहे. धाडस, कपट, चंचलता, व्यसन, विश्वासघात हे जे दुर्गुण शास्त्रकार व नाटककार स्त्रियांच्या माथी मारतात, ते एकेक घेऊन ताराबाई विचारतात की हे पुरुषांत नाहीत काय, आणि असल्यास अधिक आहेत की कमी? बायको मेल्यावर दहावा सरतो न सरतो तोच नवरा दुसरी आणतो, तर नवरा मेल्यावर बायकोचे केस, कुंकू, अन्न आणि मान, सर्व एकदम का जाते? जो नियम एकाला लागू नाही तो नियम नव्हे, सत्ता आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. पुराणातील देव व ऋषी यांच्याही वर्तनाची तपासणी करण्यास त्या कचरल्या नाहीत. ‘मुक्तामाला’, ‘मनोरमा’ अशा तत्कालीन लोकप्रिय पुस्तकांतील स्त्री-चित्रांचाही त्यांनी समाचार घेतला. नियम कोणी केला, त्याचा लाभ कोणास, त्याची किंमत कोण मोजतो, हीच विचारसरणी ‘असूडा’त जोतीरावांनी शेतसाऱ्याला व भिक्षुकीला लावली आहे. ताराबाईंनी ती घराच्या उंबरठ्याआत नेली, एवढाच फरक. पण तो फार मोठा आहे. फ्रेडरिक एंगेल्स यांचा कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमावरील ग्रंथ १८८४ सालचा आहे. घरातील स्त्रीची ताबेदारी आणि मालमत्तेवरील पुरुषाचा हक्क यांचा सांधा युरोपातील विचारवंत ग्रंथालयांतून जुळवीत होते, तेव्हा बुलढाण्याच्या एका बंद वाड्यात त्या ताबेदारीचा पाढा आधीच वाचून झाला होता.

ताराबाईंच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्या झाकून त्यांचा गौरव होत नाही. मजुरीविषयी, शेतात राबणाऱ्या बाईविषयी त्यांचा ग्रंथ जवळजवळ मुका आहे. पुनर्विवाहाची बंदी ही मुख्यतः उच्चवर्णीयांची व कुलीन मराठ्यांची. कष्टकरी जातींत पाटाची चाल होती. पतिव्रताधर्माचा आदर्शही त्यांनी समूळ टाकला नाही, नवऱ्याने तो धर्म परत फेडावा एवढीच अपेक्षा अनेक ठिकाणी दिसते. यावरून हा सुखवस्तू घरातील स्त्रीचा प्रश्न होता, भाकरीचा नव्हता, असा निष्कर्ष काढणारे आमच्यात आहेत. मला तो मान्य नाही. खामगावच्या बाजारात जो कापूस येई तो वेचणारे हात बहुतांशी बायकांचे होते. निंदणी त्यांची, वेचणी त्यांची, घरचे दळण-पाणी त्यांचे. तरी बाईचा रोज गड्याच्या रोजाहून कमी, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या कोणासही अन्यायाचा वाटला नाही. का वाटला नाही? बाई ही मुळात कोणाच्या तरी मालकीची, तिची कमाई ही घरच्या कमाईला लावलेली पुरवणी, ही समजूत त्यामागे होती. रोजाचा दर शेतात ठरतो खरा, पण बाईची किंमत त्याआधी घरात ठरलेली असते. ताराबाईंनी त्या मूळ ठिकाणी बोट ठेवले.

पुस्तकाचे स्वागत झाले नाही. विरोधकांनी हेटाळणी करावी हे समजण्यासारखे आहे. खेद याचा की सत्यशोधक मंडळीतील काहींनाही ही स्त्री फार बोलते असे वाटले. जोतीरावांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात आपल्या या लेकीची बाजू उघडपणे घेतली व स्वकीयांची कानउघाडणी केली. ताराबाईंनी पुढे दुसरे पुस्तक लिहिले नाही. १९१० च्या सुमारास त्या वारल्या. ज्या गावात त्यांचे आयुष्य गेले, त्या गावानेही त्यांना विसरून टाकले. ज्या जिल्ह्यात सिंदखेड राजा आहे आणि जिजाऊंच्या जन्मस्थानी दर वर्षी १२ जानेवारीस माणसांचा सागर लोटतो, त्या जिल्ह्याला आपली ही दुसरी लेक पाऊणशे वर्षे ठाऊक नव्हती. वीरमातेचे पूजन सोपे असते. पुत्राविना, पतीच्या कीर्तीविना, केवळ प्रश्न विचारणाऱ्या बाईचे स्मरण समाजाला जड जाते.

१९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा उजेडात आणले. पुढल्याच वर्षी समान वेतनाचा कायदा झाला. १९७७ चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा स्त्री-पुरुषांना कामाचा एकच दर देणारा होता, आणि दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांच्या मोर्चांनी तो मिळविला होता, हे डाव्यांच्या खात्यावर मान्य केले पाहिजे. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बाईच्या नावे जमीन करून देण्याचा आग्रह धरला, तोही याच रांगेत बसतो, मग संघटनेच्या बाजारविषयक मतांशी कोणाचे कितीही भांडण असो. १९९४ मध्ये महाराष्ट्राने व २००५ मध्ये केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. कागद पुढे सरकला. सातबारा फारसा सरकला नाही. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेणे हा आजही अनेक घरांतला रक्षाबंधनाइतकाच नेमाचा विधी आहे.

ताराबाईंनी लेखणी उचलली ती एका विधवेसाठी. बुलढाणा हा विदर्भातील त्या सहा जिल्ह्यांपैकी एक, ज्यांच्यासाठी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांना ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले. नवऱ्याने विष घेतले म्हणजे मागे राहिलेल्या बाईने एक लाखाच्या मदतीसाठी सिद्ध करावयाचे असते की जमीन कुटुंबाच्या नावे होती, कर्ज मान्यताप्राप्त ठिकाणचे होते आणि मरण त्या कर्जापायीच आले. त्या शेतात तिने स्वतः किती वर्षे निंदणी-वेचणी केली, हे विचारणारा रकाना त्या चौकशीत नसतो. सासरा व दीर जमिनीवरचा तिचा हक्क नाकबूल करतात, सावकार मात्र तिचे देणे कबूल करवून घेतो. अर्ज पात्र ठरला तर ती शेतकऱ्याची विधवा, अपात्र ठरला तर नुसतीच विधवा. शेतकरी अशी तिची नोंद दोन्ही वेळा होत नाही.