गाडगेबाबा कुणाला पाया पडू का देत नव्हते? ‘आभार’ या शब्दामागचं तत्त्वज्ञान समजून घ्या

पार्सल आलं की थँक्यू. कुणी लिफ्टचं दार धरलं की थँक्यू. पण घरी आईने भाकर वाढली तर आपण आभार मानत नाही. मानले तर तिलाच परकं वाटतं. एकच शब्द बाहेर सभ्यपणा आणि घरात दुरावा कसा ठरतो? हे समजून घ्यायला वऱ्हाडातल्या एका माणसाचं आयुष्य उपयोगी पडतं.

कोण होते गाडगेबाबा?

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई त्यांना घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. तिथे डेबूजींनी गुरं राखली, मामाच्या शेतात कष्ट केले. ती जमीन सावकाराच्या घशात गेली, तेव्हा कर्ज माणसाचं काय करतं हे त्यांनी जवळून पाहिलं. पुढे कर्ज काढून सण करू नका, हे ते कीर्तनात आयुष्यभर सांगत राहिले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात गाडगं आणि खराटा.

आभाराचा कर्जाशी काय संबंध?

मराठीत उपकार ‘फेडतात’ आणि माणूस ‘ऋणी’ राहतो. म्हणजे कृतज्ञतेची आपली भाषा बरीचशी देण्याघेण्याच्या व्यवहारातून आली आहे. घरात हा हिशेब नसतो, म्हणून तिथे ‘आभार’ खटकतो.

पूर्णा नदीकाठच्या एका तीर्थाचं नावच ऋणमोचन, म्हणजे ऋणातून सुटका. बाबांनी १९०८ मध्ये तिथेच घाट बांधला.

थँक्यू म्हणताना आपण नेमकं काय करतो?

ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या व्याख्यानांत एक साधी गोष्ट मांडली. काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती बोलणं हीच कृती असते. वचन देणं, माफी मागणं, आभार मानणं ही त्याची उदाहरणं. मनात भावना नसतानाही आभार मानले जातात, पण ती कृती पोकळ राहते.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९६९ मध्ये आभाराच्या अटी सांगितल्या. समोरच्याने काहीतरी केलेलं असावं, त्याचा आपल्याला फायदा झालेला असावा आणि आपल्याला त्याबद्दल कृतज्ञता वाटत असावी.

बाबांनी काय वेगळं केलं?

गावात शिरताच बाबा रस्ते आणि गटारं झाडायला लागत. रात्री कीर्तन करत. पाया पडायला आलेल्यावर ते काठी उगारत, असं सांगितलं जातं. सर्ल यांच्या तिन्ही अटी इथे पूर्ण होतात. बाबांनी काम केलं, गावाचा फायदा झाला, लोकांना कृतज्ञता वाटली. तरीही बाबा नमस्कार घेत नव्हते. कारण नमस्कार झाला की हिशेब मिटतो, माणूस मोकळा होतो आणि गटार पुन्हा तुंबतं.

म्हणून त्यांनी परतफेडीचा पत्ता बदलला. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी धर्मशाळा आणि शिक्षणाकडे वळवला. १९१७ मध्ये पंढरपुरात उभारलेली चोखामेळा धर्मशाळा त्यातलीच. पुढे ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

मग आज त्यांचे आभार कसे मानायचे?

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी बाबांचं निधन झालं. आज अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावाने सुरू झालं. पुण्यतिथीला फोटोला हार घातला जातो, स्टेटस ठेवलं जातं. ऑस्टिन यांच्या हिशेबाने हेही आभारच. ते पोकळ आहेत की नाहीत, हे दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीतल्या कचऱ्याकडे पाहिल्यावर कळतं.