सावित्रीमाई आणि प्लेगचा दवाखाना

आपल्याच खंडाळा तालुक्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीमाईंचे शाळाकार्य सर्वश्रुत आहे. अखेरच्या दिवसांकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. १८९७ साली पुणे परिसरात प्लेगने थैमान घातले. काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेले त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत सैन्यातून रजेवर आले आणि त्यांनी हडपसरनजीक माळावर दवाखाना उघडला. परंतु तेथवर रुग्ण आणणार कोण? शिवाशिवीचे सोडाच, अनेकांचे आप्तही जवळ फिरकत नव्हते. ६६ वर्षांच्या माईंनी ते काम अंगावर घेतले. वैद्याइतकेच हे कामही थोर, असे माझे मत आहे. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड यांचे आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. पोर वाचले. माईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.