गल्लीबोळांचा कैवारी

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म स्कॉटलंडमध्ये २ ऑक्टोबर १८५४ रोजी झाला. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. शहर हेही एक सजीवच आहे, असे ते मानीत. १८८६ साली विवाहानंतर ते पत्नी ॲना यांच्यासह एडिंबरोच्या जुन्या, बकाल वस्तीत राहावयास गेले आणि शेजाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी तेथील घरे सुधारली.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. त्या काळी रोगराईच्या भयाने दाट वस्त्या पाडून रुंद, सरळ रस्ते काढण्याकडे अधिकाऱ्यांचा कल होता. परंतु बेघर झालेली गरीब कुटुंबे शेजारच्या वस्तीत दाटी करीत व रोग तेथे बळावे. गेडिस गल्लीगल्लीतून पायी हिंडत. अरुंद गल्ली गाडीला अडचणीची खरी. पण पायी जाणाऱ्यास ती उन्हात सावली देते, हे त्यांनी ओळखले. कुशल शस्त्रवैद्य रोगट भाग तेवढाच कापतो. त्याचप्रमाणे एखाददुसरे पडके घर काढून तेथे मोकळा चौक करावा व झाड लावावे, असे त्यांनी सुचविले. इंदुरात ज्या भागातील रहिवाशांनी घरे-रस्ते अधिक स्वच्छ केले, तेथूनच त्यांनी दिवाळीची मिरवणूक नेली.

१९१९ साली मुंबई विद्यापीठातील नव्या समाजशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक झाले. १९२५ साली त्यांनी तेल अवीव नगराचा आराखडा केला. त्यात हमरस्त्यांच्या आत शांत गल्ल्या व घरांच्या मधोमध लहान बागा होत्या. १९३२ साली फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. माणसाच्या पावलाने शहर मोजण्याची त्यांची रीत आजही मार्गदर्शक आहे.