हातमोजे करणाऱ्याचा मुलगा

इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या लहानशा गावच्या चर्चमध्ये २६ एप्रिल १५६४ रोजी विल्यम शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची नोंद झाली. वडील जॉन हातमोजे तयार करण्याचा व्यवसाय करीत. गावकारभारात त्यांना मान होता. १५६८ मध्ये ते नगरप्रमुखही झाले. अशा नागरिकांच्या मुलांना गावच्या ग्रामर स्कूलमध्ये विनाशुल्क शिक्षण मिळे. त्या काळचा शाळेचा पट आज उरलेला नाही. तथापि विल्यम तेथेच शिकला, असे बहुतेक चरित्रकार मानतात. विद्यापीठाची पायरी मात्र तो कधी चढला नाही.

अठराव्या वर्षी त्याचा ॲन हॅथवेशी विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये झाली; त्यांपैकी एकुलता मुलगा हॅम्नेट अकराव्या वर्षी वारला. १५९२ पर्यंत लंडनमध्ये नट व नाटककार म्हणून शेक्सपिअरची चर्चा होऊ लागली होती. रॉबर्ट ग्रीनच्या नावाने निघालेल्या एका पुस्तिकेत विद्यापीठात शिकलेल्या लेखकांना या उपटसुंभ नटापासून सावध करण्यात आले. पुढे तो नाटकमंडळीचा भागीदार झाला. १५९९ मध्ये मंडळीने ग्लोब हे नाट्यगृह उभारले. २३ एप्रिल १६१६ रोजी स्ट्रॅटफर्डलाच त्याचे निधन झाले.

त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी त्याच्या कर्तृत्वावर शंका घेतली जाऊ लागली. राजदरबार, कायदा, इटली यांचे एवढे ज्ञान गावातल्या कारागिराच्या मुलाला कोठून, असा प्रश्न विचारला गेला. त्याच्या मृत्युपत्रात पुस्तकांचा उल्लेख नाही, यावरही बोट ठेवले गेले. १८५७ मध्ये डीलिया बेकन या अमेरिकन लेखिकेने नाटकांचे श्रेय फ्रान्सिस बेकन व त्याच्या सहकाऱ्यांना दिले. १९२० मध्ये टॉमस लूनी या इंग्रज शिक्षकाने ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड डी व्हीअर याचे नाव पुढे केले. मार्क ट्वेन आणि फ्रॉइड यांच्यासारखे विचारवंतही शंकेखोरांत होते.

समकालीन पुरावा मात्र स्ट्रॅटफर्डच्याच बाजूने आहे. १६२३ मध्ये हेमिंग्ज व कॉन्डेल या सहकारी नटांनी त्याची ३६ नाटके एकत्र छापली. या दोघांना अंगठ्यांसाठी पैसे द्यावेत, असे शेक्सपिअरच्या मृत्युपत्रातच नमूद आहे. त्या ग्रंथात त्याचा गौरव करणारा बेन जॉन्सन हा त्याला प्रत्यक्ष ओळखणारा नाटककार. गवंड्याच्या घरात वाढलेल्या जॉन्सननेही विद्यापीठीय शिक्षण घेतलेले नव्हते. डी व्हीअर १६०४ मध्येच वारला. ‘द टेम्पेस्ट’सारखी नाटके त्यानंतरची आहेत. अखेरच्या काळात शेक्सपिअरने जॉन फ्लेचरसह लेखन केले. कोणता प्रवेश कोणाचा, हा अभ्यासकांचा खरा वाद आजही चालू आहे.

आगरकरांचे ‘विकारविलसित’ आणि देवलांचे ‘झुंजारराव’ यांमुळे हॅम्लेट व ऑथेल्लो एकोणिसाव्या शतकातच मराठीत आले. त्यांच्या निर्मात्याविषयीच्या शंकेचे मूळ गावच्या शाळेविषयीच्या अविश्वासात आहे. त्या शाळेच्या शिक्षकाला वर्षाला २० पौंड, म्हणजे त्या काळी भरघोस, वेतन मिळे. तेथे लॅटिनचे कसून अध्ययन होई. ऑव्हिड, प्लॉटस, टेरेन्स मुलांच्या हाती येत. पुढे त्याच्या काव्यनाटकांत हेच लेखक ठायी ठायी डोकावतात. शेक्सपिअरच्या शालेय वयात तेथे शिकवणारे टॉमस जेन्किन्स ऑक्सफर्डमध्ये शिकलेले होते. मुलगा विद्यापीठात गेला नाही. विद्यापीठ शिक्षकाच्या रूपाने त्याच्या गावी आले होते.